वरचे साहेब

त्या दिवशी सकाळी कानवाली भावाच्या घरी गेली ती एक बटण लावायला. दुपारच्या चित्रीकरणात दादा जो निळा कोट घालणार होता, त्याचं वरून दुसरं बटण सैल झालं होतं. स्टुडिओतल्या शिंपीकाकांच्या हाती कोट दिला की ते बटणाबरोबर चार सल्लेही शिवून देत, म्हणून तिने सुईदोरा घेतला आणि स्वतःच निघाली. वहिनी असती तर ही वेळ आलीच नसती. वहिनीला जाऊन दोन वर्षं होत आली होती.

कानवाली हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. स्टुडिओत ती ध्वनीचं काम बघायची आणि कोपऱ्यातल्या पंख्याची कुरकुरही तिच्या कानातून सुटायची नाही, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. दादा त्याच स्टुडिओतल्या एका खेळाचा सूत्रसंचालक. त्याच्या कॉलरखाली ती रोज एक इवलासा माइक टाचायची. त्याने आवंढा गिळला तरी तिला बसल्या जागी कळायचं. लहानपणी हा माझ्या चुका पकडायचा, आता मी याचे श्वास पकडते, असं ती गमतीने म्हणायची.

खेळाचं नाव ‘उघडू की नको’. दहा बंद पेट्या, त्यांतली एक स्पर्धकाने निवडायची. ती उघडणार तोच टेबलावरचा काळा फोन वाजायचा. दादा नजर छताकडे नेऊन रिसीव्हर उचलायचा, ‘बोला साहेब’ म्हणायचा, ऐकून घ्यायचा आणि मग स्पर्धकाला सांगायचा की वरचे साहेब म्हणतात, पेटी सोडा आणि त्याऐवजी स्कूटर घेऊन जा, किंवा शिवणयंत्र, किंवा आठ दिवसांची सहल. पेटी सोडायची की नाही हे स्पर्धकाने ठरवायचं. साहेबांना कुणी पाहिलं नव्हतं आणि त्यांचा आवाज दादाखेरीज कुणी ऐकला नव्हता. फोनवरचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं नाही, असा करारच होता.

मग लोक काय, रिकाम्या जागी घर बांधणारच. कुणी म्हणे साहेब म्हणजे निवृत्त न्यायाधीश, कुणी म्हणे पडद्यावरून गायब झालेला जुना नट. एका वर्तमानपत्राने तर छातीठोकपणे लिहिलं की साहेब म्हणजे दादाचाच मुका जुळा भाऊ. मुका माणूस फोनवर काय बोलतो, हे मात्र लिहायचं राहिलं. कानवाली ते कात्रण पाकिटात ठेवून फिरायची. घरात जुळा असता तर भांडी घासायला तरी उपयोगी पडला असता, असं सांगायची.

आतल्या माणसांना खरं काय ते ठाऊक होतं, म्हणजे त्यांना तसं वाटत होतं. चित्रीकरण चालू असताना ज्यांचं मंचावर काम नसायचं असे सतरा जण होते: शिंपी, सुतार, मेकअपवाली, गाडीवाला, कचेरीतले लोक. व्यवस्थापक मॅडम रोज सकाळी पत्र्याचा एक डबा फिरवायच्या. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, एकटं जाऊन बघायची आणि परत डब्यात टाकायची. जिच्यावर लाल ठिपका असेल ती ज्याला येईल, तो त्या दिवशीचा साहेब. त्याने मागच्या बोळातल्या खिळ्यावरची किल्ली घ्यायची, जिना चढून वरच्या खोलीत बसायचं आणि दिवा लागला की फोनवर दादाशी बोलायचं. ठिपका आल्याचं कुणाला सांगायचं नाही, अगदी बायकोलाही नाही. दादालाही रोज कोण बोलतं ते कळू नये म्हणून खालच्या फोनमध्ये आवाज बदलणारी एक पेटी बसवली होती. गुपित फुटू नये म्हणून शोधलेली ही युक्ती मॅडमचीच, आणि तिचा त्यांना फार अभिमान होता.

तर बटण लावून झालं. कानवालीने दाताने दोरा तोडला आणि कोट दादाच्या हातात दिला. तो घालताना दादा म्हणाला, “आजचा भाग झाला की मी वर जाणार आहे.”

“वर म्हणजे?”

“साहेबांकडे. त्यांनी बोलावलंय.”

तिने आधी हसून घेतलं. मग त्याचा चेहरा पाहिला आणि हसू तिथेच राहिलं. दादाने जे सांगितलं ते असं. गेल्या पाच-सहा भागांपासून साहेब बक्षिसाचं बोलून झालं की त्याच्याशी दोन शब्द जास्तीचे बोलत. वहिनी रागावली की त्याला कोणत्या लाडक्या नावाने हाक मारायची, ते त्यांना माहीत होतं. शेवटच्या रात्री दवाखान्यात ती त्याला काय म्हणाली, तेही माहीत होतं, आणि तेव्हा त्या खोलीत तिसरं माणूस नव्हतं. मागच्या आठवड्यात साहेब म्हणाले की ती इथेच आहे, तुम्ही वर या, फक्त यायचं ते खाली परतायचं नाही या बोलीवर.

“उघडू की नको, मलाच विचारलं त्यांनी,” दादा म्हणाला. “मी उघडा म्हटलंय.”

तो शांत होता. वहिनी गेल्यापासून इतका शांत तो कधी दिसला नव्हता, आणि त्या शांतपणाचीच कानवालीला भीती वाटली. तिने त्याच्याशी वाद घातला नाही. घरातल्या हट्टी माणसांत तिचा नंबर पहिला होता, आणि हट्टी माणूस वाद घालत बसत नाही, कामाला लागतो. सतरा जणांपैकी कुणीतरी माझ्या भावाच्या दुःखाशी खेळतंय, तिने ठरवलं, आणि आज दुपारच्या आत मी त्याची मानगूट धरणार.

स्टुडिओत शिरल्याबरोबर ती शिंपीकाकांकडे गेली. साहेबांचा विषय निघाला की काका मिशीतल्या मिशीत असे काही हसायचे की अर्धा स्टुडिओ त्यांनाच साहेब समजे. तिने दार लोटून घेतलं आणि सरळ विचारलं, मागच्या आठवड्यात ठिपका तुम्हाला आला होता का. काकांनी आधी आढेवेढे घेतले. मग कात्री खाली ठेवली आणि ओशाळून म्हणाले, “खरं सांगू? मला कधीच आला नाही. एकोणसत्तर भाग झाले. माझं नशीबच फुटकं. पण लोकांना वाटतंय तर वाटू दे म्हटलं.”

सुतारानेही तेच सांगितलं. मेकअपवालीने तर आरशातल्या आरशात तिच्याकडे पाहून डोळे पुसले, कारण आपल्यालाच मुद्दाम वगळतात असा तिचा समज होता. गाडीवाला म्हणाला, मला वाटायचं काकाच असतात. कचेरीतल्यांना वाटायचं गाडीवाला. प्रत्येकाच्या मनात दुसरा कुणीतरी होता, आणि नियमामुळे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. साहेब किती हुशार म्हणून सगळे एकमेकांचं मनातल्या मनात कौतुक करत आले होते. एकदा साहेबांनी एका पोस्टमन स्पर्धकाला पेटीबिटी सोडून, घरचा गॅस चालू राहिलाय, शेजाऱ्यांना कळवा असं सांगितलं होतं, आणि तो खरंच चालू राहिला होता. तेव्हा या सतराही जणांनी आज कोण होता रे बाबा, म्हणून एकमेकांकडे बघून डोळे मिचकावले होते.

दुपारच्या जेवणाआधी तिने सगळ्यांना शिवणखोलीत गोळा केलं आणि मॅडमना डबा आणायला लावला. तोंडं मोजली, सतरा. एकेकाने सगळ्यांसमोर सांगितलं: नाही, कधीच नाही. सतरावा ‘नाही’ म्हणाला तेव्हा कुणी कुणाकडे बघेना.

“असं कसं होईल,” मॅडम म्हणाल्या. “चित्रीकरणाआधी मी स्वतः अठरा चिठ्ठ्या केल्या. अठरा माणसं होती तेव्हा.”

अठरावा होता रंगकाम करणारा, आणि तो पहिल्यांदा डबा फिरायच्या आधीच दुसरीकडे चांगलं काम मिळालं म्हणून निघून गेला होता. म्हणजे सतरा जणांनी चिठ्ठ्या उचलल्यावर डब्यात एक उरायला हवी होती. डबा मात्र रोज रिकामा व्हायचा आणि सगळं कसं जमतंय म्हणून मॅडमना समाधान वाटायचं. कानवालीने डबा उलटा केला. सतरा चिठ्ठ्या पडल्या, सतराही कोऱ्या. डबा मूळचा गोळ्यांचा होता. तिने तळाला घातलेल्या कागदाखाली नख खुपसलं, तेव्हा वितळलेल्या साखरेत चिकटून बसलेली अठरावी चिठ्ठी निघाली. तिच्यावर लाल ठिपका होता.

मग मेकअपवालीने हळूच विचारलं, “मग इतके दिवस वर... कोण?”

मॅडम आजचं चित्रीकरण रद्द करते म्हणाल्या. कानवालीने मान हलवली. आज रद्द केलं तर दादा उद्या जाईल, नाहीतर कुणाचं लक्ष नसताना जाईल. त्यापेक्षा वरच्या खुर्चीत आज मीच बसते. फोन माझ्याकडून जाईल, त्याला माझा आवाज ऐकू येईल, आणि तिथे कुणी नाही हे त्याला एकदाचं पटेल. सुताराकडून तिने दादाच्या फोनमधली ती आवाज बदलणारी पेटी काढून घेतली. ध्वनीच्या टेबलावर आपल्या जोडीच्या माणसाला बसवलं आणि दादाच्या कॉलरच्या माइकला जोडलेला बिनतारी हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवला.

बाहेर दुपारचा दीड वाजला होता, पण स्टुडिओच्या मागच्या बोळाला दिवसरात्रीचं काही सोयरसुतक नव्हतं. भिंतींना आवाज शोषणारं काळं कापड होतं आणि त्याला जुन्या धुळीचा, बंद कपाटासारखा वास येत होता. किल्ली खिळ्यावर होती. ती उचलली तेव्हा भिंतीवर किल्लीच्याच आकाराचा स्वच्छ डाग दिसला. चित्रीकरण सुरू झाल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. कानवाली एक एक करत बावीस पायऱ्या चढली. पावलांचा आवाज कापड गिळून टाकत होतं. तिच्यासारखीला ते सोसत नव्हतं. ज्या जागेत आपलं पाऊलही ऐकू येत नाही तिथे दुसऱ्याचं कसं येणार, हा विचार तिने मध्येच तोडला.

खोली लहान होती. एक खुर्ची, एक टेबल, काळा फोन, भिंतीवर एक विझलेला दिवा. बक्षिसांची यादी असलेलं पाकीट टेबलावर तसंच चिकटवलेलं पडलं होतं. सगळीकडे बोटभर धूळ, फक्त खुर्चीची बैठक स्वच्छ होती. तिने ती पाहिली, दाराला आतून कडी घातली आणि त्याच खुर्चीत बसली.

हेडफोनमध्ये दादाचा श्वास होता, संथ, ओळखीचा. स्पर्धक एक मास्तरीणबाई होत्या. दादा त्यांना हसवत होता. मग पेटी निवडून झाली, टाळ्या थांबल्या आणि भिंतीवरचा दिवा लागला. कानवालीने खालची घंटी वाजवायच्या बटणाकडे हात नेला. तिचं बोट पोचायच्या आधीच खाली फोन वाजला.

तिने झटकन रिसीव्हर उचलला.

“बोला साहेब,” दादा म्हणाला.

“दादा, मी आहे. मी वर बसलेय. इथे कुणी नाही, वहिनी नाही, काही नाही. येऊ नकोस.”

हेडफोनमध्ये दादाचा श्वास अडकला. मग तो लोकांना म्हणाला, “साहेब म्हणतात... या.”

“दादा, ऐक. माझा आवाज ओळख. येऊ नकोस.”

“म्हणतात, ती वाट बघतेय.”

तिने फोनची वायर दोन्ही हातांनी धरली आणि भिंतीतून उपटून काढली. हेडफोन कानांवरून गळ्यात ओढला. आता तो जिना चढेल. चढू दे. दाराला कडी आहे, आणि कडीच्या आत मी आहे.

पावलं ऐकू आलीच नाहीत. थेट दारावर टकटक झाली.

“कोण?”

“मी गं.” दादाचा आवाज होता.

“परत जा. इथे कुणी नाही.”

“मग बघू दे ना,” तो पलीकडून म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. “एकदा रिकामी खोली बघितली की माझं मन मानेल. मग तू नेशील तिथे येतो.”

हेच तर तिला हवं होतं. तिने क्षणभर विचार केला आणि कडी काढली. दादा निळ्या कोटात दारात उभा होता. त्याने आत पाहिलं, खुर्ची पाहिली, उपटलेली वायर पाहिली आणि लहान मुलासारखी मान डोलावली. तिला त्याची इतकी दया आली की डोळे भरून आले. “चल,” ती म्हणाली, “खाली सगळे काळजीत आहेत.” तिने त्याचा हात धरला. हात गार होता, पण अशा वेळी कुणाचाही हात गारच असतो. पुढे ती आणि मागे तो, असे दोघं जिना उतरू लागले.

दहा-बारा पायऱ्या उतरल्यावर गळ्यातल्या हेडफोनमधून दादाचा आवाज आला.

“...नाही मंडळी, खेळ अर्धा टाकून मी कुठे जात नाही. बाईंची पेटी उघडू, मग जातो वर. थांबा, फोन परत वाजतोय.”

कानवाली थांबली. मागून येणाराही थांबला.

“बोला साहेब,” हेडफोनमधला दादा म्हणाला. त्याने ऐकून घेतलं. त्याचा तो ऐकतानाचा श्वास तिने एकोणसत्तर वेळा ऐकला होता, आणि त्यात चूक होणं शक्य नव्हतं. मग तो गोंधळून म्हणाला, “मंडळी, आज साहेब स्वतःच खाली येतायत. जिन्यावर आहेत. म्हणतात... माझ्या बहिणीने हात धरलाय त्यांचा.”

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तो तिने दोनदा ऐकला, एकदा हेडफोनमधून आणि एकदा खालच्या दारातून. दार दहा पायऱ्यांवर होतं. फटीतून मंचाचा उजेड येत होता.

तिने मागे वळून पाहिलं नाही. तिच्या मुठीतला हात आता तिचा हात धरून होता. हात सोडवून पळता आलं असतं की नाही, कुणास ठाऊक. तिने तसा प्रयत्न केला नाही, कारण ती पळाली असती तर ते तिच्यामागून त्या दारातून गेलं असतं, आणि दादा तिथेच उभा होता, सगळ्याला हो म्हणायला तयार. मग तिने हेडफोन गळ्यातून काढून पायरीवर ठेवला.

“चल,” ती म्हणाली. “वर.”

“खाली सगळे थांबलेत,” दादाच्या आवाजात ते म्हणालं.

“थांबू देत. खाली परतायचं नाही अशी बोली होती ना? मग तुलाही नाही.”

आणि ती हात ओढत पुन्हा पायऱ्या चढू लागली. वरच्या खोलीची कडी आतून लागल्याचा आवाज जिन्यावर कुणी ऐकला नाही. खाली मंचावर, दादाच्या कानाला लावलेल्या रिसीव्हरमध्ये मात्र तो स्पष्ट आला.

सगळे धावले. सुताराने दार तोडलं. आत खुर्ची होती, टेबल होतं, उपटलेल्या वायरचा फोन होता. दाराखेरीज त्या खोलीला बाहेर पडायला जागा नाही. शोधणाऱ्यांनी शोधलं, विचारणाऱ्यांनी विचारलं, कशातून काही निघालं नाही.

मॅडम खेळ बंद करायला निघाल्या होत्या. दादा हट्टाला पेटला, बंद करायचा नाही. वर जाण्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. बहिणीने ज्यासाठी हे केलं ते मी फुकट घालवणार नाही, असं तो एकदाच म्हणाला, आणि तेव्हापासून रोज कोट चढवून उभा राहतो. वरच्या फोनची वायर कुणी परत जोडलेली नाही. खालचा फोन वेळेवर वाजतो.

लोकांचे तर्क अजून चालू आहेत. हल्ली त्यांना नवं खाद्य मिळालंय, कारण रिसीव्हर उचलल्यावर दादा आता ‘बोला साहेब’ म्हणत नाही. तो छताकडे बघतो आणि हलक्या आवाजात विचारतो, “जेवलीस का गं?” कुणी म्हणतं साहेबांची मुलगी असेल, कुणी म्हणतं दादाने दुसरं लग्न केलं. पलीकडून काय उत्तर येतं, ते त्याने फक्त मॅडमना सांगितलंय. रोज ती हो म्हणते. आणि लगेच तिच्या मागून, अगदी जवळून, आणखी एक हो येतं, दादाच्या आवाजात.